मागे राहिलेली पोरं

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, धारूर, वडवणीकडच्या वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसे सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. ती परततात कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलात. आईबापांबरोबर फडावर गेलेल्या मुलांविषयी आपण पुष्कळ लिहिले, बोललो. मागे राहिलेले मूल मात्र 'वाचले' असे आपण धरून चालतो. हजेरीपटावर त्याचे नाव असते, म्हणून प्रश्न सुटला असे समजणे ही स्वतःची फसवणूक आहे.

मुळात ऊसतोडीत मजूर एकटा मोजला जात नाही. नवराबायको मिळून 'एक कोयता'. या कोयत्याला मुकादम पावसाळ्यातच उचल देतो आणि ती फिटेपर्यंत दोघेही बांधले जातात. एक दिवस कामावर नाही गेले तर खाडा. त्याचे पैसे कापले जातात. उचल अंगावर राहिली तर पुढचा हंगामही गहाण. पोर तापाने फणफणले तरी आई गावी येत नाही ती या हिशेबापायी. 'ह्यांना पोरांची पर्वाच नाही' असे गावातली शहाणीसुरती माणसे सहज बोलून जातात. त्यांच्या नावावर सातबारा असतो. भूमिहीन दलिताला, भटक्याला पोराजवळ राहायचे तर खायचे काय, याचे उत्तर त्यांच्यापाशी नसते. रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला. तरी दसऱ्यानंतर गावात काम नसते, म्हणून तर गाड्या भरतात.

मागे कोण राहते, हेही पाहण्यासारखे आहे. अंगावरचे लेकरू आईबरोबर जाते. त्याला सांभाळायला दहा-अकरा वर्षांची बहीण जाते. शाळेसाठी मागे ठेवला जातो तो बहुधा मुलगा. मुलगी मागे ठेवलीच तर ती वयात येईपर्यंत. पुढे तिला कुणाच्या भरवशावर ठेवायचे, या धास्तीने हंगामाआधीच तिचे लग्न उरकतात. लग्न झाले की नवा कोयता तयार, त्याला वेगळी उचल. बालविवाह म्हणजे अडाणीपणा, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हा व्यवहार समजून घ्यावा.

अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. नाव वसतिगृहाचे, अनेक ठिकाणी शाळेत दोन वेळचे जेवण मिळते आणि रात्री मूल आपल्या घरी. घरात असते आजी. तिला धड दिसत नाही. आजीने नातवाला सांभाळायचे, असे कागदावर. प्रत्यक्षात नातू पाणी भरतो, तिच्या गोळ्या आणतो, शेळी बांधतो, मग दप्तर काढतो. आता रात्री आईचा फोन येतो. ती विचारते, 'जेवलास का?' तो 'हो' म्हणतो. खरे काय ते तिलाही ठाऊक असते.

मी शिक्षक आहे. दिवाळीनंतर वर्गात मागच्या बाकावर पेंगणारी मुले मीही आळशी समजून उठवली आहेत. त्यांतल्या एकाच्या घरी गेलो तेव्हा कळले, रात्री वस्तीत एकट्या घरात भीती वाटते म्हणून तो जागा राहत होता.

कार्यकर्त्यांनी उचल वाटली जाते तेव्हाच वस्तीत जावे. कोणते मूल मागे राहणार, रात्री कुणापाशी झोपणार, आजारी पडले तर दवाखान्यात कोण नेणार, हे घरटी लिहून घ्यावे आणि ती यादी ग्रामसभेत वाचावी. गाड्या भरल्यावर गेलात तर सांगायला आजीच तेवढी उरते.