चिमटा आणि झटका

मराठीचा अध्यापक विजेवर लिहू लागला म्हणजे वाचकांना नवल वाटेल. पण ‘झटका’ हा एकच शब्द आपण दोन अगदी निराळ्या गोष्टींना लावतो, आणि शब्द पारखणे हा तर आमचा धंदाच!

पहिला झटका घाटावरचा. पुण्याच्या कोरड्या थंडीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावावा, की बोटाला चट्कन चिमटा बसतो. घर्षणाने अंगावर वीज साठलेली असते. तिचा दाब ३००० व्होल्टच्या वर, पण साठा इतका अल्प, की निमिषात सारे संपते. भिण्याचे कारण नाही.

आमच्या अलिबाग-मुरूडकडे हा चिमटा क्वचितच. दमट हवेमुळे वस्तूंवर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि साठण्यापूर्वीच वीज निसटून जाते.

म्हणूनच, वाचकहो, किनाऱ्यावरच्या घरात फ्रिजला किंवा पंपाला हात लागून मुंग्या आल्या, तर हसण्यावारी नेऊ नका. ती बहुधा घरातल्या २३० व्होल्ट विजेची गळती! दाब कमी, पण प्रवाह थांबत नाही. ओल्या जमिनीवर अनवाणी माणसाचा तो जीव घेऊ शकतो. त्यात खारी हवा अर्थिंगचे सांधे गंजवते. ताबडतोब मेन स्विच बंद करावा, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाच वीज तोडणारा स्विच बसवावा.

पहिल्याला आपण ‘चिमटा’च म्हणू या. ‘झटका’ म्हटले, की घरातल्या माणसांनी मेन स्विचकडे धावावे.