थरांआडचा उजेड

वासुदेव गायतोंडे यांचं चित्र आधी कडेने पाहावं. लांबून त्यांचा उभा कॅनव्हास एकाच रंगाचा वाटतो, गेरूचा किंवा शेवाळी. कडेपाशी वरचा थर विरळ होतो आणि खालचे रंग दिसू लागतात: पिवळ्याखाली राखाडी, त्याखाली करडा लाल. तिथून नजर आत नेली की मधला एकसंध वाटणारा भागही हलू लागतो. मुंबईत जहांगीर निकल्सन संग्रहातलं त्यांचं काम पाहताना मला ही वाट सापडली.

गायतोंडे मूळचे गोव्याचे, पण जन्म नागपूरचा, 1924 सालचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून 1948 मध्ये पदविका घेतली, 1972 मध्ये दिल्लीला गेले आणि 2001 मध्ये वारले. रोलर आणि पॅलेट नाइफ ही त्यांची मुख्य हत्यारं. जोडीला कागदाचे तुकडे: त्या तुकड्यांनी रंग ठेवायचा, दाबायचा, उचलायचा.

नागपुरातल्या एका चित्रकार मित्राच्या खोलीत आम्ही हे करून पाहिलं. पांढऱ्या अस्तरावर टर्पेंटाइनने पातळ केलेला पिवळा फिरवला. तो सुकल्यावर रोलरने हिरवट करडा चढवला आणि ओला असतानाच वर्तमानपत्राचा फाटका तुकडा दाबून उचलला. कागदाबरोबर थोडा रंग निघून आला आणि राहिलेल्या जागी बारीक, खडबडीत पोत उमटला. असा पोत ब्रशने काढता येत नाही. ब्रशच्या फटकाऱ्यात हाताचा वेग आणि दिशा दिसते. इथे हात दिसतच नाही, रंग जणू आतून वर आलेला. गायतोंड्यांच्या चित्रातली शांतता मला इथे कळली.

मग वाट पाहणं. तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. आपल्या विदर्भात जवस पिकतं, घराघरात त्याची चटणी होते. त्याचंच तेल कॅनव्हासवर सुकायला कित्येक दिवस घेतं. घाई केली की दोन थर एकमेकांत मिसळून चिखल होतो. थांबलं, तर उजेड वरच्या पारदर्शक थरातून आत शिरतो, खालच्या पांढऱ्यावर आदळतो आणि दुसऱ्यांदा रंगातून गाळून परत येतो. त्यांचा पिवळा आतून पेटल्यासारखा दिसतो, त्याचं हे कारण. उत्तरकाळात ते वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत, याचं नवल आम्हाला उरलं नाही.

अशा चित्रात लोक सूर्य, समुद्र, क्षितिज शोधतात. माझं मत सरळ आहे: शोधू नये. गायतोंडे स्वतः आपल्या कामाला अमूर्तही म्हणू देत नसत, वस्तुनिरपेक्ष म्हणत. नाव सापडलं की डोळा थांबतो, आणि गडद भाग खाली जड होत जाताना, मधला उजेड वर सरकताना छातीत जे संथ होत जातं ते निसटतं. भाव तिथे असतो, या वजनाच्या मांडणीत.

त्याची खात्री त्यांच्या कागदावरच्या कामाने पटते. 1984 मध्ये एका अपघातात त्यांच्या मानेला दुखापत झाली आणि काही वर्षं मोठे कॅनव्हास त्यांच्या आवाक्याबाहेर गेले. त्या काळात त्यांनी लहान कागदांवर शाईने रेखाटनं केली. त्यांत ना थर, ना जवसाचं तेल, ना पिवळा. काळ्या खुणा आणि मोकळा कागद, एवढ्यावर तोच तोल उभा आहे.