कळंगुटच्या वाळूवरचं ‘पॅकेज’

दौंडमार्गे जाणाऱ्या गोवा एक्स्प्रेसने किंवा शिरूरहून गाडी करून निघालेली मंडळी कळंगुट-बागाला पोचली, की वाळूवर पाय टेकतो न टेकतो तोच एखादा तरुण आडवा येतो. हातात प्लॅस्टिकचं कार्ड: पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना राइड. नको म्हटलं तरी सोबत चालत राहतो, दर खाली आणतो आणि शेवटी थेट लहान मुलांनाच विचारतो. ही खोड सगळ्यात वाईट. मुलांनी हट्ट धरला की आईबापांचा नाइलाज होतो.

पावतीचं नाव काढायचं नाही. बोटीपाशी गेल्यावर ‘फोटोचे वेगळे’ सुरू.

गोव्याने आता कायदाच कडक केलाय. २००१ च्या पर्यटनस्थळ संरक्षण कायद्यात २०२५ मध्ये दुरुस्ती झाली. पर्यटकांच्या मागे लागून विक्री करणं, ठरलेल्या जागेबाहेर जलक्रीडांची तिकिटं विकणं हा उपद्रव ठरतो. दंड ५ हजारांपासून १ लाख रुपयांपर्यंत.

तिकीट अधिकृत काउंटरवरच घ्यावं, पावती जपावी. फसवणूक झालीच, तर घरी परतल्यावरही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच, म्हणजे दौंड-शिरूरकरांना पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात, दावा दाखल करता येतो. त्यासाठी पुन्हा गोवा गाठावा लागत नाही.