पुनरावृत्ती मोडा, आवाज पसरू द्या

सभागृहाची सपाट भिंत आवाज आरशासारखा एकाच दिशेला परतवते. तो चौफेर पसरावा म्हणून जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांनी १९७०च्या दशकात अंकगणिताचा आधार घेतला. शून्यापासून क्रमाने येणाऱ्या संख्यांचे वर्ग करायचे, त्यांना ७ने भागायचे आणि उरलेल्या बाकीच्या प्रमाणात खाचांची खोली ठेवायची: ०, १, ४, २, २, ४, १. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या मायकेल फाउलर सेंटरमध्ये याच तत्त्वावरची मोठी पॅनेल बसवली आहेत.

मात्र तेच पॅनेल ओळीने लावत गेले की ठरावीक अंतरावर तोच आकार पुन्हा येतो. मग परतणाऱ्या लहरी मोजक्याच दिशांना एकमेकींना बळ देतात आणि इतर दिशांना क्षीण होतात.

यावर ब्रिटिश ध्वनितज्ज्ञ जेमी अँगस-व्हाइटओक यांनी उपाय सुचवला: दोन प्रकारची पॅनेल अनियमित क्रमाने लावायची. दुसऱ्या पॅनेलच्या खाचा पहिल्याच्या उलट, म्हणजे ०, ६, ३, ५, ५, ३, ६ अशा असतात.

साचा एकच परवडत असेल, तर ३, २, ६, ४, ५, १ असा असममित क्रम निवडावा. तेच पॅनेल कुठे सुलटे, कुठे उलटे लावता येते. स्टुडिओ उभारणाऱ्यांनी सुतार बोलावण्याआधी हा क्रम कागदावर जरूर आखावा.