पार्थिव गणेश आणि बादलीभर पाणी

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस ज्या गणरायाचे आपल्या घरी आगमन होते, त्याच्या मूर्तीस ‘पार्थिव’ म्हणतात. म्हणजे पृथ्वीपासून, मातीपासून घडलेली. प्राणप्रतिष्ठेने त्या मातीत देवत्व येते, उत्तरपूजेत अक्षता वाहून देवतेस निरोप दिला जातो, आणि उरलेली माती जलाच्या स्वाधीन होते. हा क्रम प्रत्येक भाविकास ठाऊक आहे. परंतु मूर्ती खरोखरच मातीची आहे काय, हे किती घरांत विचारले जाते? अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तलावाकाठी भंगलेल्या मूर्ती पाहून ज्यांचे मन विषण्ण होते, त्यांनी आपल्या मुलांचे शालेय पुस्तक उघडावे, असे आम्हांस वाटते.

पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांतून सक्तीने शिकवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितले. आपल्याकडे तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ आहे. पण ते ज्ञान बहुधा गुणपत्रिकेतच राहते; मूर्तीची निवड होते ती रंग, उंची आणि किंमत पाहून.

यंदा मुलांकडून एक हिशेब करवून घ्यावा. जिप्सम सुमारे दीडशे अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की त्यातील बरेचसे पाणी निघून जाते. उरलेली भुकटी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. तीत पाणी मिसळताच ती पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. हे जिप्सम एक लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. तेव्हा पंधरा लिटरच्या बादलीत फार तर ३५-४० ग्रॅम जाईल. दोन किलोची मूर्ती जवळजवळ तशीच राहील. शाडूदेखील विरघळत नाही बरे! तिचे कण सुटे होतात आणि तळाशी बसतात. विरघळणे आणि विखुरणे यांतला हा भेद ज्या मुलास उमगला, ते दुकानात गप्प बसणार नाही.

शाडू म्हणजे सर्व दोषांतून मुक्ती, असे मात्र नव्हे. ही माती बरीचशी गुजरातेतून खणून आणावी लागते. मूर्ती फार झाल्या तर गाळही वाढतो. आणि शिसे किंवा पारा असलेला रंग मातीवर दिला तरी विषारीच. निर्माल्य पाण्यात कुजताना त्यातील प्राणवायू खर्ची पडतो, तो माशांच्या वाट्याचा. उलट प्लास्टर हलके, स्वस्त, लवकर वाळणारे. पेणसारख्या ठिकाणच्या कारागिरांची उपजीविका त्याच्याशी जोडली गेली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणाऱ्या मार्गदर्शक सूचना दिल्या, २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयातही हा वाद गाजला. न्यायालय तलावाचा मार्ग बंद करू शकेल. वीतभर मूर्ती आणावी की हातभर, हे घरानेच ठरवायचे आहे.

शाडूची लहान, नैसर्गिक रंगांची मूर्ती घरीच बादलीत विसर्जित करता येते. खाली बसलेली माती तुळशीच्या कुंडीत घालावी, अथवा वाळवून मूर्तिकारास परत द्यावी. प्लास्टरची मूर्ती आधीच आणली असल्यास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचविलेली रीत उपयोगी पडते: अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती काही दिवस ठेवली की तळाशी खडूसारखे कॅल्शियम कार्बोनेट उरते, आणि वरचे अमोनियम सल्फेटचे पाणी झाडांना खत म्हणून चालते.