कासवांवर लिहायला तज्ज्ञ असावे लागते?

विकिपीडियावरच्या प्राण्यांच्या लेखांना हात लावायचा तर प्राणिशास्त्राची पदवी हवी, असे पुष्कळांना वाटते. उलट काहींना वाटते, तिथे कुणीही काहीही लिहितो, तेव्हा वाचण्यातच अर्थ नाही. हे दोन्ही गैरसमज लेखाचा भरवसा लिहिणाऱ्या माणसावर ठेवतात. विकिपीडियाचा नियम तो संदर्भावर ठेवतो. विधान विश्वासार्ह, प्रकाशित साहित्याशी ताडून पाहता आले पाहिजे, मग ते प्राध्यापकाने लिहिलेले असो की बारावीतल्या मुलीने.

कासवांच्या बाबतीत या नियमाची गरज अधिकच भासते, कारण या दीर्घायुषी प्राण्यांभोवती दंतकथा फार लवकर साचतात. ऑस्ट्रेलियातल्या प्राणिसंग्रहालयात २००६ मध्ये मरण पावलेली हॅरिएट ही गालापागोसची मादी १८३५ मध्ये खुद्द डार्विनने पकडली होती, असे वर्षानुवर्षे छापले गेले. डीएनए तपासणीत मात्र ती सांताक्रूझ बेटावरच्या कासवांपैकी निघाली, आणि त्या बेटावर डार्विन कधी उतरलाच नव्हता. त्याच वर्षी कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात मेलेला ‘अद्वैत’ अडीचशे वर्षांचा होता आणि मुळात रॉबर्ट क्लाइव्हचा होता, असे सांगतात. त्याला पक्का पुरावा नाही. चांगला संपादक या कथा पुसून टाकत नाही. ‘असे सांगितले जाते’ आणि ‘तपासणीत असे आढळले’ यांतली सीमा तो स्पष्ट ठेवतो आणि दोन्हीकडे संदर्भ देतो. हे काम चिकाटीने वाचणाऱ्या कुणालाही जमते.

मग स्वतः पाहिलेल्याला काहीच किंमत नाही का, असा आक्षेप येतो. लेखातले विधान म्हणून नाही, आणि ते योग्यच आहे. तारांकित कासवाचा नैसर्गिक आवास वायव्य भारत व लगतचा पाकिस्तान, दक्षिण भारताचे काही भाग आणि श्रीलंका इथल्या कोरड्या, झुडुपी प्रदेशात आहे. तस्करांकडून एखाद्या शहरात जप्त झालेले कासव पाहून कुणी ते शहर आवासाच्या यादीत घातले, तर नकाशाच खोटा होईल. स्वतः काढलेले छायाचित्र मात्र मुक्त परवान्याखाली जरूर द्यावे. फक्त जंगलातल्या कासवाचे असेल तर त्यातली नेमकी जागेची नोंद आधी काढून टाकावी, कारण चोरट्या शिकाऱ्यांनाही नकाशा वाचता येतो.

लेख एकदा नीट लिहिला की काम संपले, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. तारांकित कासव २०१९ मध्ये वन्यजीवांच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातून पहिल्यात गेले, म्हणजे जंगलातून पकडलेल्या या कासवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आली. जुनी माहिती तशीच राहिली, तर हे कासव भाग्यकारक मानून घरी आणू पाहणाऱ्याला लेखच चुकीचा दिलासा देईल. त्याच वर्षी गालापागोसमधल्या फर्नांदिना बेटावर कासवाची एक जिवंत मादी सापडली. तिथल्या जातीचा त्याआधीचा एकमेव नमुना १९०६ चा होता. पुढे जनुकीय अभ्यासाने ती त्याच जातीची ठरली आणि जगभरच्या लेखांतला ‘नामशेष’ हा शब्द शिळा झाला. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू असला तरी तिथे संपादकांचे हात थोडे आहेत, त्यामुळे चूक अधिक काळ टिकते, हा आक्षेप खरा आहे. पण प्रत्येक बदल लेखाच्या इतिहासात नोंदलेला असतो आणि बिघडलेले पूर्ववत करता येते. कमतरता आहे ती संदर्भ उघडून पाहणाऱ्यांची.