अनंताची पाने पिवळी का पडतात?

अनंत हे बारमाही हिरवे, पांढऱ्या सुवासिक फुलांचे झुडूप. त्याचे शास्त्रीय नाव गार्डेनिया जास्मिनॉइडिस. हे नाव अठराव्या शतकातील डॉ. अलेक्झांडर गार्डन यांच्यावरून पडले. बागेशी त्याचा संबंध नाही बरे का!

गोंदियासारख्या ठिकाणी श्रावणात टवटवीत असलेला अनंत वैशाखात पुष्कळदा पिवळा पडतो. कळ्याही गळतात. पाणी कमी पडले असे समजून आपण विहिरीचे पाणी आणखी ओततो आणि झाड अधिकच पिवळे होते. असे का व्हावे?

आधी पाने नीट पाहा. जुनी, खालची पाने सबंध पिवळी असतील तर बहुधा नत्र कमी आहे. पण शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर उणीव लोहाची. जुन्या पानातले नत्र झाड नव्या पानाकडे नेऊ शकते. लोह मात्र फारसे हलत नाही. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसते (तेथे मॅग्नेशियम असते), पण ते तयार होण्यासाठी लोह लागते.

गंमत अशी की, मातीत लोह भरपूर असते. मातीचा तांबूस, पिवळट रंग लोहाच्या ऑक्साइडांचाच असतो. अडचण विरघळण्याची आहे. मातीचा सामू एकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते! अनंताला ५ ते ६ सामू मानवतो. विहिरीचे पाणी जड असेल, म्हणजे उकळल्यावर भांड्याला पांढरा थर धरत असेल, तर त्यातील बायकार्बोनेटे उन्हाळाभर सामू वाढवत राहतात. पावसाच्या पाण्यात ती जवळजवळ नसतात. म्हणूनच कुंडीत खिळे पुरण्याचा घरगुती उपाय फसतो. खिळ्याचा गंज म्हणजे पुन्हा तेच न विरघळणारे ऑक्साइड.

त्यापेक्षा पागोळ्यांचे पाणी साठवावे, मुळाशी कुजलेला पालापाचोळा घालावा आणि पाणी तुंबू देऊ नये. धानाच्या बांधीतले साचलेले पाणी अनंताला सोसत नाही. त्याच्या मुळांना हवा लागते.

लोहाचे काम प्रत्यक्षही पाहता येईल. १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये यूजेब ग्री यांनी लोहाचे क्षार देऊन पिवळी झाडे हिरवी करून दाखवली होती. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस व थोडा लिंबाचा रस मिसळा. द्रावण ताजेच वापरा. तपकिरी झाले की ते निरुपयोगी. संध्याकाळी कापसाच्या बोळ्याने एका पिवळ्या कोवळ्या पानाच्या अर्ध्याच भागाला ते लावा. कपडे सांभाळा, डाग जात नाहीत. लोहाचीच उणीव असेल, तर काही दिवसांत तेवढाच अर्धा भाग हिरवा होऊ लागेल.